चार दात्यांचा फरक

आमच्या घरी कोणतीही वस्तू घेण्याआधी परिसंवाद होतो. मिक्सर घेताना झाला, पंखा घेताना झाला, आणि गेल्या वर्षी माझ्यासाठी सायकल घ्यायची ठरली तेव्हा तर तो सलग तीन आठवडे चालला. विषय एकच : रोज चालवायची सायकल गियरची असावी की बिनगियरची? धाकटा भाऊ गियरच्या पक्षाचा, कारण त्याच्या मते बिनगियरची सायकल फक्त दूधवाल्याला शोभते. आईचा पक्ष तिसराच : "कोणतीही घ्या, पण दिवेलागणीच्या आत घरी या." अध्यक्षस्थानी अण्णा, म्हणजे माझे वडील. त्यांनी पहिल्याच दिवशी अध्यक्षीय समारोप करून टाकला. "गियर कशाला हवेत? पाय आहेत ना?"

हा प्रश्न आमच्या घरात एवढा का पेटावा, हे कळण्यासाठी आमचा रस्ता माहीत असायला हवा. आम्ही कात्रजजवळ राहतो आणि माझे कॉलेज पेठेत आहे. अंतर सुमारे नऊ किलोमीटर. स्वारगेटहून कात्रजकडे जाणारा सातारा रस्ता दिसायला सपाट आणि वृत्तीने चढा आहे. बसमध्ये बसलेल्याला ते कळत नाही. सायकलवाल्याला मात्र पद्मावती ओलांडली की कळू लागते आणि बालाजीनगर आले की पुरते कळते. पेशव्यांना ते अठराव्या शतकातच कळले होते. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने थेट शनिवारवाड्यापर्यंत आणले, ते कोणत्याही पंपाशिवाय, केवळ उताराच्या बळावर. तेव्हा सकाळी कॉलेजला जाताना मी पाण्यासारखी जाणार, यात शंका नव्हती. प्रश्न होता तो परत येण्याचा. पेशव्यांचे पाणी परत येत नव्हते, मला रोज यायचे होते.

अण्णा हा रस्ता गेली सव्वीस वर्षे सायकलने जातात आणि येतात. ते एका छापखान्यात बाइंडर आहेत. दिवसभर उभे राहून वह्या-पुस्तके बांधायची आणि संध्याकाळी चढ चढून घरी यायचे. त्यांची सायकल आजोबांची आहे : काळी, अठ्ठावीस इंची, दांड्याची, सळईच्या ब्रेकची. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, त्या काळातली. आजोबा सांगत की तेव्हा सायकलीला कर असे, कर भरल्याचा पितळी बिल्ला लावावा लागे, आणि रात्री दिव्याशिवाय सापडले तर पोलीसदादा चाकातली हवा सोडून देत. आता बिल्ला गेला, दिवा गेला, आणि सायकलीही बहुतेक गेल्या. २००६ साली कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली, तेव्हा रस्त्याच्या कडेला सायकलमार्गही आखले गेले. त्यांच्यावर सायकली सोडून बाकी सारे उभे असते. अण्णा त्या साऱ्यांच्या मधून वाट काढतात. त्यांच्या कॅरियरला नेहमी कागदाच्या कातरणीचा एक गठ्ठा असतो. त्या कातरणीतून शिवलेल्या वह्यांवर माझे आजवरचे शिक्षण झाले आहे.

'कमवा व शिका' योजनेत मी ग्रंथालयात काम करते. त्यातून साठलेले ९,००० रुपये घेऊन मी एका दुकानात गेले. दुकानदारकाकांनी आधी गियरची सायकल दाखवली. पुढे तीन चक्रे, मागे सात, म्हणजे एकवीस गियर. किंमत माझ्या पुंजीच्या तीन हजार पुढे. शेजारी साधी लेडीज सायकल उभी होती, मागे एकच चक्र, आणि ती माझ्या पुंजीच्या आत होती. "रोजच्याला हीच बरी ताई," काका म्हणाले आणि लगेच पुढे म्हणाले, "पण चढ असेल तर ती बरी." हे उत्तर खरे होते, हे मला बऱ्याच दिवसांनी कळले. त्या दिवशी मात्र काका दोन्हीकडून बोलतात, असे म्हणून मी घरी आले आणि अण्णांनी शिवलेली एक वही घेऊन हिशेब करायला बसले.

वाचकहो, मी कला शाखेची विद्यार्थिनी. गणिताला मी दहावीनंतर रामराम ठोकला होता. पण सायकलीचे गणित त्रैराशिकापलीकडे जात नाही. पायडलजवळच्या मोठ्या चक्राला किती दाते आणि मागच्या चाकावरच्या लहान चक्राला किती, एवढेच मोजायचे. अण्णांच्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८. म्हणजे पायडलची एक फेरी पूर्ण झाली की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. दुकानातल्या गियरच्या सायकलीला सर्वांत हलक्या जोडीत पुढे २४ आणि मागे २८ दाते होते. तिथे एका फेरीत सतराशे-अठराशे मिलिमीटर, म्हणजे जेमतेम पावणेदोन मीटर अंतर. सर्वांत जड जोडीत, ४२ आणि १४ दात्यांवर, सहा मीटरांच्या वर. गियर म्हणजे एवढेच. पाय किती जोराने दाबायचा आणि किती वेळा फिरवायचा, यांतला सौदा. चढ तेवढाच राहतो. एकरकमी फेडायचा की हप्त्याने, एवढे आपल्या हाती येते.

हिशेबात आणखी एक गोष्ट कळली. एकवीस गियर ही जाहिरातीची संख्या आहे. पुढच्या-मागच्या चक्रांच्या निरनिराळ्या जोड्यांतून बरेचदा तोच वेग पुन्हा मिळतो, आणि चेन फार तिरकी पडते म्हणून काही जोड्या वापरायच्याच नसतात. शिवाय या पद्धतीच्या गियरला पायडल फिरत असतानाच चेन सरकवावी लागते. सिग्नलला जड गियरवर थांबलात तर सुटतानाही जडच. पुण्याच्या पार्किंगमध्ये चार दुचाकी अंगावर पडल्या, की मागचा गियर सरकवणारा नाजूक सांगाडा वाकतो आणि मग चेन मनाला येईल त्या चक्रावर जाऊन बसते.

याच सुमारास या परिसंवादात एक चौथा पक्ष उभा राहिला. आमच्या वर्गातली एक मैत्रीण ट्रॅकवर शर्यती धावते. तिची सायकल 'फिक्स' असते. तिला गियर नाहीतच, पण फ्रीव्हीलही नाही. साध्या सायकलीत पाय थांबवले तरी चाक 'टिक् टिक्' करत पुढे पळत राहते, ती कृपा फ्रीव्हीलची. फिक्समध्ये मागचे चक्र चाकाला घट्ट बसवलेले असते. चाक फिरते आहे तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरते आहे तोवर पाय. लहानपणी आपण सगळे अशीच सायकल चालवतो. तीनचाकीचे पायडल थेट चाकालाच असते, तिला तरी कुठे फ्रीव्हील असते?

"घेऊन तर बघ," म्हणत तिने मला कॉलेजच्या मैदानावर ती सायकल दिली. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो, पण रस्त्यावर आणायची म्हणून तिने पुढे एक बसवून घेतला होता. पहिली वीस पावले फार छान गेली. सायकल हलकी, आवाज मुळीच नाही, आणि रस्ता जणू पायांना बांधलेला. मग वळण आले आणि मी सवयीने पाय थांबवले. सायकलला ते मान्य नव्हते. पायडलने माझा पाय असा काही उचलला, की मी सीटवरून वीतभर वर गेले.

"पाय थांबवू नकोस!" मैत्रीण ओरडली.

"मग थांबू कशी?"

"पाय सावकाश कर, थांबवू नकोस!"

मैदानाला दोन फेऱ्या घातल्यावर ते जमू लागले, आणि कबूल केले पाहिजे, की त्यात एक वेगळी गंमत होती. सायकल आणि आपण यांच्यात मध्यस्थ कोणी नाही. गंजणारी, वाकणारी, बिघडणारी गोष्ट जवळजवळ नाहीच. सपाट शहरात मी कदाचित हीच घेतली असती. पण मला कात्रजचा रस्ता आठवला. चढ सोसवेल असे हलके चक्र लावले, तर सकाळच्या उतारावर ताशी तीस किलोमीटरच्या वेगात पाय मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या मारणार. उतार सोसवेल असे जड चक्र लावले, तर संध्याकाळी चढावर गुडघे जाणार. फिक्सला एकच रस्ता कळतो, सपाट. आमच्या रस्त्याला दोन तोंडे होती.

तरी निकाल लागत नव्हता, म्हणून ग्रंथालयात कामाच्या वेळेनंतर मी सायकलीच्या इतिहासात शिरले. आमच्या घरातला परिसंवाद शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये होऊन गेला होता! १९०३ साली 'तूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू करणारे संपादक आंरी देग्रांज गियरच्या सक्त विरोधात होते. त्यांच्या शर्यतीत गियर बदलणाऱ्या यंत्राला स्पर्धकांसाठी १९३७ पर्यंत मुभा नव्हती. तोपर्यंत आल्प्स आणि पिरेनीजच्या घाटांच्या पायथ्याशी स्पर्धक खाली उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत, कारण चाकाच्या दुसऱ्या बाजूला वेगळ्या दात्यांचे चक्र असे. दुसऱ्या बाजूला सेंत-एत्येन गावचे पॉल द विवी होते. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहिणारा हा गृहस्थ जन्मभर गियरची बाजू मांडत राहिला. १९०२ साली डोंगराळ वाटेवर एक चाचणी झाली. एकीकडे एका चक्राची सायकल घेतलेला नामांकित शर्यतपटू, दुसरीकडे तीन गियरची सायकल घेतलेली मार्थ हेस नावाची स्त्री. जिंकली मार्थ हेस. पण देग्रांज यांचे मत बदलले नाही. गियर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक, खऱ्या गड्याने स्नायूंच्या जोरावरच जिंकावे, असा त्यांचा सूर होता.

हे वाचून मला हसू आले. रात्री जेवताना मी ही हकिकत अण्णांना सांगितली. देग्रांज यांचे मत त्यांना फार पटले. "बरोबर बोलला तो माणूस," ते म्हणाले. "गियर म्हाताऱ्यांना."

अण्णांचे वय चौपन्न आहे, हे मी त्या क्षणी बोलून दाखवले नाही.

बोलले नाही, याला कारण होते. त्या आधीच्या आठवड्यात एका पावसाळी संध्याकाळी मी बसने घरी येत होते. बालाजीनगरजवळ गाड्या तुंबल्या होत्या. काचेवरचे पाणी पुसून मी बाहेर पाहिले, तर कडेने एक माणूस काळी सायकल हातात धरून चालत होता. चार पावले चालायचा, थांबायचा, वाकून उजवा गुडघा दाबायचा आणि पुन्हा चालू लागायचा. कॅरियरवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कातरणीचा गठ्ठा होता. बस पुढे सरकली. मी हाक मारली नाही. का मारली नाही, याचे नीट उत्तर मला अजून देता येत नाही. मारली असती तर अण्णांना ते आवडले नसते, एवढे मात्र ठाऊक होते.

अण्णा माझ्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी घरी आले. "ट्रॅफिक फार होतं," असे म्हणून त्यांनी सायकल जिन्याखाली लावली.

त्या दिवसापासून परिसंवादाचा विषय माझ्यापुरता बदलला. माझ्या सायकलीला गियर असावेत की नसावेत, हा प्रश्न राहिला नाही. दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या सायकलमिस्त्रींकडे गेले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. अण्णांच्या सायकलचे ओव्हरऑयलिंग, पंक्चर, चाकाचा आऊट काढणे, सगळे तेच करतात. "मामा, अण्णांच्या सायकलला गियर बसतील का?" मी विचारले.

मामांनी पान्याने डोके खाजवले. "बसवता येईल गं, पण चाक बदला, हे बदला, ते बदला. आणि तुझे अण्णा मला उभं करतील का दारात?" मग थोडा विचार करून म्हणाले, "चढाचंच दुखणं आहे ना? मग मागं बावीसचं टाकू."

"म्हणजे?"

"आता अठरा दाती फ्रीव्हील आहे. बावीस दाती टाकायचं. चेनला दोन कड्या वाढवायच्या. बाकी सायकल हाये तशी. बघणाऱ्याला कळायचंबी नाही."

मी तिथेच वही काढली. पुढे ४४, मागे २२. म्हणजे एका फेरीत चाक बरोबर दोनदा फिरणार, सायकल साडेपाचऐवजी सुमारे साडेचार मीटर जाणार. प्रत्येक दाबाला जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी जोर. स्वारगेट ते कात्रज सहा किलोमीटर धरले, तर आधी सुमारे अकराशे फेऱ्या लागत होत्या, आता साडेतेराशेच्या घरात लागतील. फेऱ्या अडीचशे जास्त, पण प्रत्येक फेरी गुडघ्याला हलकी. सपाटीवर ताशी तीन-चार किलोमीटर वेग कमी होईल. पण सकाळी तर उतारच, तिथे पाय थांबवून बसायचे. फिक्समध्ये जे जमत नव्हते ते साध्या फ्रीव्हीलने जमत होते. एकवीस गियरांपैकी अण्णांना हवा असलेला गियर एकच होता, आणि तो चार दाते पलीकडे होता.

बावीस दाती फ्रीव्हील मामांनी नाना पेठेतून आणले. त्याला लागलेले पैसे इतके थोडे होते, की माझ्या पुंजीला ते जाणवलेही नाहीत. एका रविवारी दुपारी अण्णा झोपले असताना, "हवा भरून आणते," असे सांगून मी सायकल बाहेर काढली. पाऊण तासात काम झाले. मामांनी जुने फ्रीव्हील कागदात गुंडाळून माझ्या हाती दिले. "हे टाकू नको. माणसाचा काही नेम नाही."

सोमवारी संध्याकाळी मी खिडकीत उभी होते. अण्णा नेहमीपेक्षा दहा मिनिटे आधी आले, आणि सायकलवर बसून आले. हातपाय धुतले, चहा घेतला. मग म्हणाले, "आज वारा पाठीमागून होता का गं?"

"असेल," मी म्हटले.

मंगळवारीही वारा पाठीमागून होता. बुधवारी त्यांनी विचारले नाही.

माझ्या सायकलीचे सांगायचे राहिलेच. मी साधीच घेतली, आणि दुकानातून निघाल्याबरोबर मामांकडे नेऊन तिलाही मागे मोठे चक्र बसवून घेतले. भाऊ दोन दिवस बोलला नाही. गियरच्या सायकलीला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. रोज सिंहगडाकडे जाणाऱ्याने, घाटातल्या गावी राहणाऱ्याने, दररोज सामान वाहणाऱ्याने गियरचीच घ्यावी. चढ उभा असेल तर चार दाते पुरत नाहीत. सपाट गावात राहणाऱ्या हौशी माणसाने फिक्सही चालवून पाहावी, फक्त पुढे ब्रेक हवाच. पण सायकल घेण्याआधी माणसाने आपल्या रस्त्यावर एकदा संध्याकाळी, दमलेल्या पायांनी चालून यावे. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच सायकली हलक्या असतात. आणि एवढे करूनही एखाद्या दिवशी शेवटचा चढ झेपत नाही. तेव्हा मी उतरते आणि चालते. मामा म्हणतात, सगळ्यांत हलका गियर तोच, आणि तो प्रत्येक सायकलला फुकट मिळतो. तो वापरण्यात काही कमीपणा असतो, असे मला आता वाटत नाही.

दिवाळीच्या आदल्या रविवारी अण्णांनी सायकल उलटी करून पुसायला घेतली. हे ते वर्षातून एकदा करतात. मी वाचत बसल्याचे सोंग करून त्यांच्याकडे पाहत होते. चेन पुसता पुसता त्यांचा हात मागच्या चक्रावर थांबला. त्यांनी चिंधीने चक्र साफ केले आणि बोट ठेवून एकेक दाता मोजू लागले. एकदा मोजून झाले. पुन्हा मोजले. बाइंडरची बोटे मोजण्यात चुकत नाहीत.

"बावीस?" त्यांनी विचारले.

"हो."

ते थोडा वेळ पायडल हाताने फिरवत राहिले. मागचे चाक फिरत होते. मग पायडल थांबवले, तरी चाक 'टिक् टिक्' करत फिरतच राहिले.

"अठराचं कुठाय?"

"कपाटात ठेवलंय."

"तेल लावून ठेवलंस का?"

"नाही."

"मग आण इकडे," अण्णा म्हणाले. "नुसतं ठेवलं तर गंजेल."